लपणारे विमान आणि जागता समाज

(वसंत व्याख्यानमालेत लेखकाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)



आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेवर ‘अदृश्य विमानांचे विज्ञान’ असा छापला आहे. मी कलाशाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. विज्ञानावर अधिकारवाणीने बोलावे अशी माझी योग्यता नाही. परंतु ‘स्टेल्थ’ हा इंग्रजी शब्द बातमीत आला की आमची लेखणी सरावाने ‘अदृश्य’ असे लिहून मोकळी होते. त्या सवयीत मीही वाटेकरी आहे. म्हणून आरंभी तो शब्दच दुरुस्त करून घेऊ. ही विमाने अदृश्य नसतात. दिवसाढवळ्या डोक्यावरून गेली तर ती तुम्हाआम्हाला इतर विमानांसारखीच दिसतील. ती चकवतात ती रडारच्या डोळ्याला. आणि तेही पूर्णपणे नव्हे.

याचा पुरावा २७ मार्च १९९९ च्या रात्री युगोस्लाव्हियात मिळाला. ‘नाटो’च्या बॉम्बवर्षावाची ती चौथी रात्र. बेलग्रेडच्या पश्चिमेला बुजानोव्त्सी नावाचे एक खेडे आहे. त्या खेड्याच्या शेतात अमेरिकेचे एफ-११७ हे विमान जळत कोसळले. १९९१ च्या आखाती युद्धात बगदादवर रात्रीमागून रात्री घिरट्या घालूनही ज्या जातीचे एकही विमान शत्रूला पाडता आले नव्हते, त्यातले हे एक. पाडणारे क्षेपणास्त्र कोणते? तर १९६० च्या दशकातील सोव्हिएत बनावटीचे एस-१२५, जे आपल्या वायुदलातही ‘पेचोरा’ या नावाने परिचित आहे. सर्बियन लोकांनी फलक रंगवले, ‘क्षमा करा, विमान अदृश्य आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते!’ या विनोदामागे काय दडले होते, हे समजून घ्यायचे तर आधी रडार पाहते कसे, ते पाहिले पाहिजे.

अमावास्येच्या रात्री आपण माळावर हातात विजेरी घेऊन उभे आहोत अशी कल्पना करा. समोर कोणी आरसा धरून उभा आहे. आरसा अगदी आपल्या समोर असेल तर प्रकाश थेट डोळ्यांवर परत येईल. तोच आरसा किंचित तिरका केला तर प्रकाश दुसरीकडे निघून जाईल आणि आपल्याला केवळ काळोख दिसेल. आरसा नाहीसा झाला नाही. त्याने आपला प्रकाश आपल्याला परत दिला नाही, इतकेच. रडार म्हणजे रेडिओ लहरींची विजेरी. ते लहरी सोडते, त्या विमानावर आपटतात, त्यातील अत्यल्प अंश परत येतो आणि त्या प्रतिध्वनीवरून विमान कोठे आहे याचा हिशेब होतो.

नेहमीचे विमान या विजेरीपुढे फार उघडे पडते. त्याची उभी शेपूट आणि आडवे पंख काटकोनात मिळतात. काटकोनाचा एक खोड्याळ गुण आहे. सायकलच्या मागे लावलेली लाल काच आठवा. तिच्यात असेच इवले इवले काटकोनी कोपरे असतात. म्हणूनच मोटारीचा दिवा कोणत्याही बाजूने पडो, ती तो उलट त्याच दिशेला परतवते. विमानावरील प्रत्येक काटकोन रडारसाठी अशी लाल काच ठरतो. त्यात भर म्हणून इंजिनाची फिरती पाती, पंखाखाली टांगलेले बॉम्ब आणि वैमानिकाची धातूने भरलेली कोठडी. शत्रूला आणखी काय हवे?

येथे थोडे गणित सांगतो. प्रतिध्वनी सोळापट दुबळा केला तर रडारची नजर निम्म्याच अंतरापर्यंत पोचते. ती एकदशांशावर आणायची तर प्रतिध्वनी दहा हजारपट दुबळा करावा लागतो. श्रम प्रचंड आणि लाभ थोडा असे वाटेल. परंतु हाच हिशेब काळात मांडून पाहा. जे विमान २०० किलोमीटरवर दिसायचे ते २० किलोमीटरवर दिसू लागले. ताशी ९०० किलोमीटर वेगाने २०० किलोमीटर कापायला तेरा मिनिटे लागतात. २० किलोमीटरला अवघे ८० सेकंद. तेरा मिनिटांत वैमानिक धावत विमानात बसतो आणि झेपावतो. ८० सेकंदांत भोंगासुद्धा धड वाजत नाही. स्टेल्थचे सारे सार या फरकात आहे. शत्रूची दृष्टी ती हिरावून घेत नाही, त्याचा वेळ हिरावून घेते.

हे साधायचे कसे, याचे सूत्र कोठे सापडले ती कथा मोठी बोधप्रद आहे. मॉस्कोतील प्योत्र उफिम्त्सेव्ह या भौतिकशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. एखाद्या वस्तूच्या कडांवरून विद्युतचुंबकीय लहरी कशा विखुरतात, हे गणिताने सांगणारा तो रूक्ष ग्रंथ होता. सोव्हिएत लष्करी यंत्रणेला त्यात उपयोगाचे काही दिसले नाही. म्हणूनच तो उघडपणे छापण्यास अनुमती मिळाली. १९७१ मध्ये अमेरिकी वायुदलाच्या परकीय तंत्रज्ञान विभागाने त्याचे भाषांतर केले. लॉकहीड कंपनीच्या गुप्त विमाने घडवणाऱ्या विभागात डेनिस ओव्हरहोल्झर नावाचा तरुण अभियंता होता. त्याच्या वाचनात ते भाषांतर आले आणि त्याला उमगले की, एखाद्या आकाराचा रडारवर किती प्रतिध्वनी उमटेल हे विमान बांधण्यापूर्वी कागदावर काढण्याची किल्ली या गणितात आहे.

त्या काळच्या संगणकांना गोलाईचा हिशेब झेपत नव्हता. म्हणून ओव्हरहोल्झर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विमान सपाट त्रिकोणी पृष्ठांचे कल्पिले, पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखे. प्रत्येक पैलू असा कललेला की, रडारची लहर आली त्या वाटेने परत जाऊ नये. आकार इतका बेढब झाला की कंपनीतील वायुगतीच्या जाणकारांनी त्याला ‘होपलेस डायमंड’ असे नाव ठेवले. ही कोटी ‘होप’ या जगप्रसिद्ध हिऱ्यावरची. तो हिरा मूळचा आपल्या गोवळकोंड्याच्या खाणीतला! परंतु प्रारूपाची चाचणी झाली तेव्हा थट्टा करणारे गप्प झाले. खांबावर ठेवलेली ती प्रतिकृती रडारला दिसेना. एकदा मात्र पडद्यावर ठिपका उमटला. पाहतात तो प्रतिकृतीवर एक पक्षी येऊन बसला होता. रडारला तो पक्षी दिसत होता, विमान नव्हे!

१ डिसेंबर १९७७ रोजी या कल्पनेवरचे पहिले प्रायोगिक विमान उडाले. १८ जून १९८१ ला एफ-११७ आकाशात झेपावले आणि १९८८ च्या नोव्हेंबरपर्यंत अमेरिकेने त्याचे अस्तित्वही मान्य केले नाही. पुढे संगणक सुधारले, गोलाईचे गणित आवाक्यात आले आणि १७ जुलै १९८९ रोजी बी-२ हे वटवाघळाच्या पंखासारखे शेपटीविना विमान उडाले. ज्या देशात हे गणित जन्मले, तो देश मात्र तोवर आपल्याच विद्वानाला विसरला होता. १९९० मध्ये उफिम्त्सेव्ह लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवण्यासाठी गेले. आपल्या घरचे बीज शेजाऱ्याच्या अंगणात वाढले आणि त्याचा वृक्ष आपल्याच कुंपणावर कोसळला, अशी सोव्हिएत रशियाची गत झाली.

आकार हे या विद्येचे पहिले अंग झाले. दुसरे अंग लेपाचे. लोहाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेला लेप विमानावर दिला की, लहरींची ऊर्जा त्यात शिरून उष्णतेत विरते आणि परत जाणारा प्रतिध्वनी आणखी क्षीण होतो. वैमानिकापुढील काचेवर धातूचा अतिपातळ थर असतो, जेणेकरून लहरी कोठडीत शिरून उलट्या फिरू नयेत. इंजिनाची पाती जाळीआड किंवा वळणदार बोगद्याआड लपवतात. बॉम्ब आणि क्षेपणास्त्रे पोटात ठेवतात. हा सारा संसार नाजूक असतो. बी-२ चा लेप सांभाळण्यासाठी तापमान आणि आर्द्रता नियंत्रित ठेवणाऱ्या खास विमानशाळा लागतात. रणांगणावरील या भीमाचा घरचा थाट असा राजस असतो.

तिसरे अंग उष्णतेचे. रडार नसले तरी इंजिनाच्या झोतातील उष्णता हुंगणारी क्षेपणास्त्रे असतात. म्हणून झोत चपट्या, रुंद फटीतून बाहेर सोडतात, त्यात थंड हवा मिसळतात आणि फट पंखाच्या वरच्या अंगाला ठेवतात, म्हणजे खालून ती दिसू नये. चौथे अंग मौनाचे. ज्याला लपायचे आहे त्याने स्वतः ओरडू नये. एफ-११७ मध्ये स्वतःचे रडारच बसवलेले नव्हते.

इतका बंदोबस्त असूनही ते विमान बुजानोव्त्सीला पडले कसे? कारण प्रत्येक ढालीला एक सांधा असतो. हे पैलू आणि हे लेप प्रामुख्याने काही सेंटिमीटर लांबीच्या लहरींसाठी बेतलेले असतात. सर्बियन तुकडीजवळचे टेहळणीचे रडार जुने होते आणि त्याच्या लहरींची लांबी सुमारे दोन मीटर होती. लहर जेव्हा विमानाच्या शेपटीच्या किंवा पंखाच्या भागाइतकी लांब होते, तेव्हा पैलूंचा कल तिला फारसा फसवू शकत नाही आणि पातळ लेप तिला गिळू शकत नाही. अशा रडारला ‘तिकडे काहीतरी आहे’ इतके कळते. क्षेपणास्त्राला नेमकी दिशा देण्याइतके मात्र कळत नाही. पुढचे काम माणसांनी केले.

त्या तुकडीचे प्रमुख होते झोल्तान दानी. रडार सुरू राहिले तर त्याच्याच लहरींचा माग काढत अमेरिकी क्षेपणास्त्र येणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून नेम धरणारे रडार एका वेळी वीसेक सेकंदांपेक्षा अधिक चालू ठेवायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. काम झाले की सारा सरंजाम उचलून दुसरीकडे हलवायचा. हा सराव तुकडीच्या अंगी मुरलेला होता. उलटपक्षी अमेरिकी विमाने त्याच त्या मार्गांनी येजा करीत होती. शत्रूच्या रडारांचे कान बधिर करणारी साहाय्यक विमाने त्या रात्री सोबत नव्हती. विमान सुमारे तेरा किलोमीटरवर आले, दोन क्षेपणास्त्रे सुटली, त्यांतील एक विमानाजवळ फुटले. वैमानिक डेल झेल्को हवाई छत्रीने उतरले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना सोडवून नेले. काही वर्षांनी हे दोघे योद्धे एकमेकांना भेटले आणि मित्र झाले. बेलग्रेडच्या विमान संग्रहालयात त्या विमानाचे अवशेष आजही ठेवलेले आहेत. तात्पर्य असे की, श्रेष्ठ तंत्राला गाफीलपणा जडला आणि जुन्या शस्त्राला शिस्त लाभली. गनिमी काव्याच्या भूमीत वाढलेल्यांना याहून अधिक सांगावे लागू नये.

अमेरिकेने मात्र तो धडा घेतला. २२ जून २०२५ रोजी सात बी-२ विमानांनी इराणमधील फोर्दो आणि नतान्झ येथील अणुकेंद्रांवर १४ महाकाय बॉम्ब टाकले. मिसूरीतील तळावरून निघून परतेपर्यंत सुमारे ३७ तासांचे ते उड्डाण होते. ही विमाने पूर्वेकडे निघाली तेव्हा दुसरी काही बी-२ मुद्दाम पश्चिमेला, प्रशांत महासागरावर पाठवली गेली, जेणेकरून जगाचे लक्ष तिकडे लागावे. या मोहिमेत एकंदर १२५ हून अधिक विमाने गुंतली होती. जगातील सर्वांत उत्तम लपणाऱ्या विमानालाही हुलकावणीची आणि सोबत्यांची गरज वाटते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता एक कटू प्रकरण सांगतो. ते आपल्या मुंबईशी जोडलेले आहे. नोशीर गोवाडिया हे १९४४ मध्ये मुंबईत जन्मले, तरुणपणी अमेरिकेला गेले आणि १९६८ ते १९८६ या काळात नॉर्थ्रॉप कंपनीत अभियंता होते. मघाशी ज्या उष्णता लपवण्याच्या विद्येचा उल्लेख केला, तिचे ते अव्वल जाणकार. बी-२ च्या प्रणोदन व्यवस्थेच्या आखणीत त्यांचा वाटा होता. ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांना अटक झाली. क्षेपणास्त्राच्या झोताची उष्णता लपवणाऱ्या नळकांड्याचे ज्ञान त्यांनी चीनला विकले, असे ऑगस्ट २०१० मध्ये हवाईतील न्यायालयात सिद्ध झाले आणि जानेवारी २०११ मध्ये त्यांना ३२ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. मिळालेला मोबदला सुमारे १ लाख १० हजार डॉलर. घराचे कर्ज फेडण्यासाठी तो वापरला गेला. योगायोग असा की, त्याच जानेवारीच्या ११ तारखेला चीनच्या जे-२० या पहिल्या स्टेल्थ लढाऊ विमानाने प्रथम उड्डाण केले. दोहोंचा संबंध मी जोडत नाही. तसा पुरावा नाही. परंतु विद्या विकाऊ झाली की तिला सीमा उरत नाही, हे या प्रकरणातून दिसते. बुद्धी आणि निष्ठा ही दोन चाके आहेत. एकच चाक असलेली गाडी कोणाच्याही अंगणात जाऊन उलटते.

चीनच्या या विमानाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. २०२४ च्या मे महिन्यात तिबेटमधील शिगात्से येथील विमानतळावर जे-२० विमाने उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसली. ते ठिकाण सिक्कीमच्या सीमेपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. ८० सेकंदांचा जो हिशेब मघाशी मांडला, तो युगोस्लाव्हियाचा किंवा इराणचा उरलेला नाही. तो आपला हिशेब आहे.

आपण काय करीत आहोत? रशियासमवेत असे विमान घडवण्याच्या प्रकल्पातून आपण २०१८ मध्ये बाहेर पडलो. मार्च २०२४ मध्ये सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने ‘ॲम्का’ या स्वदेशी प्रगत लढाऊ विमानासाठी सुमारे १५ हजार कोटी रुपये मंजूर केले. मे २०२५ मध्ये त्याच्या निर्मितीची पद्धत ठरली आणि खासगी उद्योगांनाही त्यात स्पर्धेचा दरवाजा उघडला गेला. हे पाऊल अभिमानाचे आहे. परंतु आपल्या माणसांत बसून बोलताना खरे बोलले पाहिजे. ‘कावेरी’ इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला. ज्या ‘तेजस’साठी तो होता, ते विमान आजही अमेरिकी इंजिनावर उडते. आकार आपण काढू, लेपही करू. परंतु पोटातले हृदय परक्याचे असेल तर लपण्याची किल्ली आपल्या हाती आहे असे म्हणता येणार नाही.

या विषयावर बोललो की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो. ‘हे सारे आपल्या वैमानिकशास्त्रात आधीच नाही का?’ त्या ग्रंथात विमानाची ३२ रहस्ये सांगितली आहेत आणि त्यांत ‘अदृश्य’ हे एक रहस्यही आहे. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनातील पूर्वजांविषयीचा आदर मी जाणतो. परंतु बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्या ग्रंथाची कसोशीने तपासणी केली. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तपासणारे आपलेच होते आणि ज्या संस्थेसाठी जमशेटजी टाटांनी आपली संपत्ती दिली, ती संस्थाही आपलीच. खोट्या दाखल्याने पूर्वजांचा गौरव होत नाही, उपहास होतो.

अभिमानच हवा असेल तर त्याला खरे अधिष्ठान आहे. ज्या लहरींवर रडार चालते त्यांच्याहूनही लहान, काही मिलिमीटर लांबीच्या लहरी आचार्य जगदीशचंद्र बसूंनी कोलकात्यात स्वतः बनवलेल्या उपकरणांनी निर्माण केल्या. १८९५ मध्ये त्यांनी भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली आणि दारू पेटवून दाखवली. त्या लहरींचे परावर्तन कसे होते, त्या कशा वळतात, कोणता पदार्थ त्यांना अडवतो, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो सप्रयोग मांडला. पारतंत्र्यात, तुटपुंज्या साधनांनी हे घडले. ज्या वाटेने पुढे ही सारी विद्या गेली, त्या वाटेच्या आरंभी एक भारतीय उभा होता. आपण त्या वाटेने चालत राहिलो नाही, एवढाच आपला दोष.

म्हणून समारोप करताना एकच विनंती. या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी घरी एखादी मुलगी किंवा मुलगा असेल, ज्याला गणितात किंवा भौतिकशास्त्रात मनापासून रस आहे. तो उद्या येऊन म्हणेल, ‘बाबा, मला शुद्ध विज्ञान शिकायचे आहे.’ तेव्हा आपल्या तोंडी पहिला प्रश्न येतो, ‘त्याचा उपयोग काय? पगार किती?’ १९६२ मध्ये मॉस्कोतील अधिकाऱ्यांनीही उफिम्त्सेव्हच्या पानांकडे पाहून उपयोगाचाच प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर त्यांना मिळाले, पण ते दुसऱ्याच्या विमानतळावरून उडून आले. आपण तो प्रश्न विचारण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्या मुलाला वही घेऊन द्यावी, चांगला शिक्षक शोधून द्यावा आणि तो शिकून मोठा झाला की त्याला येथेच काम मिळेल, मान मिळेल, असा समाज आपण उभा करावा. सीमेवरचा जवान जागा राहतो, कारण ते त्याचे कर्तव्य आहे. त्याच्या हाती देण्याजोगी विद्या घडवण्याचे कर्तव्य आपल्या घरांपासून सुरू होते.

  भारतमाता की जय!